थंडीतल्या वॉटर पार्कला सूट नको, सुका टॉवेल द्या



नाताळ जवळ आला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच चालू होतात. टीव्हीवर महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वॉटर पार्कच्या पिकनिकची यादी. अंगात स्वेटर घालून माणसं पोहायच्या कपड्यांची चर्चा करत बसतात! हसू येतं, पण त्यात चुकीचं काही नाही. क्लासवाल्यांना परीक्षांच्या आधी हीच सुट्टी सापडते. शिरवळ, खंडाळा, लोणंद भागातल्या कंपन्यांची फॅमिली पिकनिक वर्ष संपता संपता निघते. उन्हाळ्यात लग्नं असतात, गावच्या यात्रा असतात. सिंहगडाच्या पायथ्याचं कृष्णाई म्हणा, लोणावळ्याचं वेट एन जॉय म्हणा, खोपोलीचं इमॅजिका म्हणा, लोक थंडीतही जातात आणि जाणारच.

माझं लोणंदच्या बाजारपेठेत होजिअरी, टॉवेल आणि शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मी नवीन धंदा करू पाहणाऱ्यांना शिकवते. त्यामुळे हा विषय माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. काउंटरवर एखादी आई विचारते, "ताई, पोरं वॉटर पार्कला चाललीत, गारठू नयेत म्हणून काय देऊ बरोबर?" आणि ट्रेनिंगला आलेलं कोणीतरी विचारतं, "मॅडम, थंडीत तिकडे काय विकायचं? ऑफ सीझन आहे, रेट पाडायचा का?" माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. आईला नीट उत्तर दिलंत की तुमच्या धंद्याचंही उत्तर मिळालं.

रेट पाडण्याबद्दल आधी बोलू. थंडीत लोक वॉटर पार्कला जायला का-कू करतात ते तिकीट महाग आहे म्हणून नाही. कुडकुडायला होतं, पोर आजारी पडेल असं वाटतं, म्हणून करतात. तुम्ही शंभर रुपये सूट दिलीत तर कुडकुडणं शंभर रुपयांनी कमी होत नाही. बीबीएला आम्हाला ऑफ सीझन डिस्काउंटचा धडा होता आणि परीक्षेत तो मी छान लिहिला होता, पण गिऱ्हाईक नेमकं कशाला भितंय हे त्या धड्यात कुठे नव्हतं. आपल्या लोणंदला ज्ञानोबा माऊलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा आपण काय करतो ते बघा की. पाऊस असतो. पावसामुळे वारकऱ्याला कोणी सूट देत नाही. त्याला डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद लागतो, तो आपण देतो. तसंच हे.

आता गारवा लागतो कधी, ते समजून घ्या, कारण माल त्याच्यावर ठरतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं. त्यामुळे पाण्यात उतरल्यावर पहिला शहारा येतो. पण पाण्यात पोरं हातपाय मारत असतात, अंगात उष्णता तयार होत असते. खरी थंडी वाजते बाहेर आल्यावर. ओल्या अंगानं स्लाइडच्या जिन्यात रांगेत उभं राहावं लागतं. तो जिना उंच असतो, वर वारा लागतो, आणि दहा-पंधरा मिनिटं हललं तरी दोन पायऱ्याच पुढे जायचं. तिथे पोरांचे ओठ निळे पडतात.

आपल्याला हे शिकायला लॅब नको, घरात माठ आहे. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. डिसेंबरच्या वाऱ्यात उभं राहिलेलं ओलं पोर म्हणजे माठच. त्यात आपली देशावरची थंडी कोरडी, म्हणजे पाणी आणखी जोरात उडणार. हिशोबच मांडते. भिजलेल्या कॉटनच्या टी-शर्टमध्ये एक ग्लास, म्हणजे 200 ग्रॅम पाणी आहे असं धरा. ते पूर्ण वाळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे दीड लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला येईल. यातली थोडी उष्णता उन्हातून आणि हवेतून मिळते, बाकीची त्या पोराच्या अंगातून जाते. लहान मुलांचं वजनाच्या मानानं अंगाचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून ती मोठ्यांच्या आधी गारठतात. बारीक अंगाची मुलं तर अजून लवकर.

म्हणून पार्कवाले नायलॉनचा कॉस्च्युम सक्तीचा करतात तेव्हा कुरकुर करू नका. कॉटनचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात हे त्यांचं एक कारण, पण तुमचाही त्यात फायदा आहे. नायलॉन पाणी फार धरून ठेवत नाही, लवकर निथळतं. आत बनियन घालून वर कॉस्च्युम चढवणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटतं एक कपडा जास्त म्हणजे ऊब जास्त. घडतं ते उलट, कारण ते बनियन दिवसभर ओल्या फडक्यासारखं अंगाला चिकटून राहतं.

दुसरी वेळ परतीची, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. डिसेंबरात पुण्याकडे दुपारी 29-30 अंशांपर्यंत पारा जातो आणि रात्री सरासरी 11-12 पर्यंत उतरतो. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. पिकनिकवाले पैसे वसूल करायचे म्हणून पाच वाजेपर्यंत पाण्यात बसतात. मग चेंजिंग रूमला रांग, एकच टॉवेल, तोही दुपारी जेवताना वापरून ओला झालेला. केस ओले, आतले कपडे दमट, आणि तसंच गाडीत. खिडकीची एक काच बंद होत नाही आणि लोणंद अजून लांब आहे. पोर दुसऱ्या दिवशी शिंकत उठलं की दोष वॉटर पार्कच्या पाण्याला. सर्दी ही विषाणूनं होते, नुसत्या गारव्यानं नाही, हे मला माहीत आहे. पण गारठून थकलेलं पोर घरी आणणं यात शहाणपण काय?

तर आईला माझं उत्तर ठरलेलं आहे. माणशी दोन टॉवेल, आणि त्यातला एक परतीसाठी पिशवीत बांधून ठेवायचा, दुपारी त्याला हात लावायचा नाही. सगळे कोरडे कपडे आतल्या जोडीसकट. कानटोपी, पायमोजे, वर काहीही लोकरीचं. घरात आजोबांची घोंगडी असेल तर गाडीत टाका. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, आपल्या धनगर मंडळींनी ती उगाच नाही पिढ्यान्‌पिढ्या पावसात खांद्यावर टाकली. ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची वेगळी पिशवी, नाहीतर कोरडे कपडेही बॅगेतच भिजतात. पाण्यात उतरायचं ऊन चढल्यावर, साडेअकरा-बाराला, कारण रात्रभर गार झालेला तलाव सकाळी दहाला तापलेला नसतो. आणि साडेतीनला बाहेर. तासातासानं पंधरा मिनिटं उन्हात कोरडं होऊन बसायचं. एवढंच.

चहाचं काय, असं विचारणारे असतात. चहा जरूर प्या, पण आकडा ऐका. एक कप गरम चहा अंगाला जी उष्णता देतो ती जेमतेम साडेतीन किलोकॅलरी. त्या ओल्या टी-शर्टचं पाणी वाळायला लागतात 115 च्या आसपास. चहातली दोन चमचे साखर त्या गरम पाण्यापेक्षा जास्त कामाची, कारण ती 40 किलोकॅलरीच्या आसपास इंधन देते. शेंगदाणा चिक्कीची एक वडी त्याहून चांगली. बहुतेक पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून चिक्की आत शिरायच्या आधी आणि गाडीत बसल्यावर खायची. पण ओले कपडे अंगावर ठेवून चहा पिणं म्हणजे गळक्या टाकीत तांब्यानं पाणी ओतणं. आधी गळती बंद करा.

मग धंदा कुठे आहे?

स्वेटर विकायला जाऊ नका, तो घरोघरी आहे. घरात नसतो तो दुसरा टॉवेल, आणि कपडे बदलायला आडोसा. परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यांवर लोक टॉवेलच्या कापडाचा एक ढगळ झगा वापरतात, डोक्यातून घालायचा, त्याला टोपी असते. अंग पुसलं जातं, वारा लागत नाही, आणि झग्याच्या आतच ओले कपडे काढून कोरडे घालता येतात. बाहेरच्या ब्रँडचा झगा ऑनलाइन बघितलात तर किंमत बघून फोन खाली ठेवाल. पण तो आहे काय? दोन टॉवेल, खांद्यावर शिवण, गळ्याला भोक, बाजूला हाताला जागा. सोलापूर आपल्यापासून किती लांब आहे? सोलापुरी चादरीसारखंच सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कापड तिथलं आणि शिलाई गावातल्या बचत गटाकडे. टेरीला साध्या मशीनवर जाड सुई लागते आणि कडा ओव्हरलॉक कराव्या लागतात, नाहीतर दोन धुण्यांत धागे निघतात.

यात मुलींचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चेंजिंग रूमच्या रांगेला आणि गर्दीला कंटाळून कितीतरी मुली आणि बायका ओल्या कपड्यांवरच ड्रेस चढवून गाडीत बसतात. मुलगे कुठेही टॉवेल गुंडाळून मोकळे होतात. झगा असला की मुलीला रांगेत उभं राहायला लागलं तरी ती निदान झाकलेली आणि अर्धी कोरडी तरी असते. विक्री करताना हे आयांना सांगा. दुसरं काही सांगायची गरज पडत नाही.

आता कॉस्टिंग. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही काढा. समजा कापड 180, शिलाई 40, लेबल-पिशवी 20, वाहतूक आणि खराब माल 10, म्हणजे 250 रुपये. विकायचा 399 ला. ठीक आहे, पण लोणंदसारख्या गावात वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला चारशे रुपये मोजणारे थोडेच. म्हणून माझा कल भाड्याकडे आहे. लग्नाचे कोट, शेरवानी आपण भाड्यानं आणतोच ना! माणशी 60 रुपये भाडं, धुण्याचे 15 गेले, उरले 45. म्हणजे सहाव्या फेरीला झग्याचे पैसे निघाले. 50 झगे म्हणजे 12,500 रुपये गुंतले. एका पन्नास पोरांच्या सहलीमागे 2,250 रुपये हातात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साधारण 13 आठवडे मिळतात, त्यात आठ सहली मिळाल्या तर 18,000. गुंतवणूक वजा जाता पहिल्या वर्षी 5,500, आणि झगे पुढच्या सीझनला तसेच. श्रीमंत होणार नाही तुम्ही यात. पण चालू दुकानाला किंवा शिलाईच्या कामाला ही जोड चांगली आहे, आणि क्लासवाला एकदा बांधला गेला की त्याचे टी-शर्ट, बॅगा, ट्रॉफ्याही तुमच्याकडे येतात.

भाड्याच्या धंद्यात मरण कुठे आहे ते सांगते. स्वच्छतेत. एका पोराला गजकर्ण झालं आणि आईनं झग्याचं नाव घेतलं की गावात तुमचा विषय संपला. प्रत्येक फेरीनंतर गरम पाण्यात धुणं, कडक उन्हात वाळवणं, आणि वाळल्यावरच घडी. थंडीची हवा कोरडी असल्यामुळे टेरी वाळते बरी, तरी दोन सहलींत दोन दिवसांचं अंतर ठेवा. दमट घडी घातली की वास येतो आणि तो वास सहजासहजी जात नाही. प्रत्येक झग्यावर नंबर शिवा, म्हणजे कोणता कितीदा गेला ते वहीत राहील. धुण्याचे 15 रुपये वाचवायचा मोह ज्याला होणार असेल त्यानं हा धंदा करू नये, विकून मोकळं व्हावं.

विकायचं कुठे? पार्कच्या गेटवर नाही. आतमध्ये परवानगी लागते, पार्कचं स्वतःचं कॉस्च्युम आणि टॉवेलचं काउंटर असतं, आणि रस्त्याकडेची जागा तुमची नाही. सहल जिथे पोचते तिथे ती सगळ्यांचीच गिऱ्हाईक असते. जिथून निघते तिथे तुम्ही एकटे आहात. क्लासवाले, कंपनीतले एचआरवाले, ट्रॅव्हलर आणि मिनीबसवाले, भिशीचे गट. ट्रॅव्हलरवाल्याला झग्यामागे पाच रुपये द्या, तो स्वतः विचारेल, "उबेचं किट घेणार का?" शाळांवर मात्र धंदा बांधू नका. शालेय सहलींना शिक्षण विभागाच्या परवानगीच्या अटी असतात आणि पाण्याच्या ठिकाणांच्या बाबतीत त्या कडक आहेत, आणि असाव्यातच. शाळेनं रीतसर परवानगी काढून विचारलं तर द्या, तुम्ही होऊन सहल पाण्याकडे वळवायला जाऊ नका. आणि चहा-चिक्कीची गाडी लावणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी.

काही जण मला म्हणतात, एवढं कशाला, पाणीच गरम करायचं. मोठी माणसं मोठं बघतात! जपानमध्ये मियाझाकीला 1993 मध्ये ओशन डोम नावाचा छताखालचा प्रचंड वॉटर पार्क उघडला होता, आत कायम उन्हाळा. 2007 मध्ये तो बंद झाला. जर्मनीत बर्लिनजवळ हवाई जहाजांच्या जुन्या हँगरमध्ये ट्रॉपिकल आयलंड्स 2004 पासून चालू आहे, पण तिथे बाहेर बर्फ असतो, माणसाला ऊब कुठेच फुकट मिळत नाही म्हणून तो तिथे पैसे मोजतो. आपल्याकडे दुपारी 12 ते साडेतीन ऊन फुकट आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूशी स्पर्धा करायची नाही, ती जिथे संपते तिथून आपला माल सुरू करायचा.

खोटं सांगून काही विकू नका, यावर माझा फार कटाक्ष आहे. कानटोपी विकताना बरेच दुकानदार ठोकून देतात की अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते. तसं नाही. मोठ्या माणसाचं डोकं अंगाच्या एक-दशांशाच्या आसपास असतं आणि उष्णताही साधारण त्याच मानानं जाते. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि केस ओले, म्हणून कानटोपी हवी, हे खरं कारण पुरेसं आहे. अंगाला खोबरेल किंवा व्हॅसलिन चोपडून थंडी वाजत नाही, हेही खरं नाही. तेलाचा पातळ थर ऊब धरत नाही, उलट स्लाइडवर आणि फरशीवर पाय घसरतो. कंपनीच्या पिकनिकला "गरम राहायला" दोन घोट घेणारे असतात. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर उबदार वाटतं आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते. त्यात पाणी समोर. अशा ग्रुपला मी किट देताना स्पष्ट बोलते, एखादी ऑर्डर गेली तर गेली.

आणि काही ठिकाणी विकायचंच नाही. पहिली-दुसरीच्या पोरांना जानेवारीत उघड्या वॉटर पार्कला नेणार असाल तर माझा सल्ला असतो, नेऊ नका, मार्चमध्ये न्या. दमा असलेलं, नुकतंच तापातून उठलेलं पोर असेल तर त्याला काठावर उन्हात बसवा किंवा घरी ठेवा. किटमध्ये मी एक छापील चिठ्ठी टाकते, त्यावर दोनच गोष्टी आहेत. पोर थडथड कापायला लागलं की खेळ थांबवा, ओले कपडे काढा, कोरडं करून गुंडाळा. आणि कापता कापता कापणं थांबलं, पण पोर सुस्त झालं, बोलणं अडखळायला लागलं, तर बरं वाटतंय असं समजू नका. अंगाचं तापमान 35 अंशांच्या खाली गेल्याचं ते लक्षण असू शकतं, गुंडाळा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. चिठ्ठीला चार आणेही खर्च येत नाही.

यंदा करून बघायचं असेल तर गणपती झाले की कापडाचं सॅम्पल मागवा आणि तीन मापांचा एकेक झगा शिवून घ्या: सात ते दहा वर्षांचा, अकरा ते चौदाचा आणि मोठ्यांचा. दसऱ्याच्या सुमाराला क्लासवाल्यांना भेटा, कारण दिवाळीनंतर त्यांची गाडी ठरलेली असते आणि पालकांकडून पैसेही गोळा झालेले असतात, मग माणशी 60 रुपये वाढवायला कोणी तयार होत नाही. जाताना नवा कोरा झगा नेऊ नका. पाच वेळा धुतलेला न्या, टेरी धुतल्यावर कशी राहते ते त्यांना हातात घेऊन बघू द्या.